दारू सोडल्याबद्दल जाहीर सत्कार

माझ्या धाकट्या भावानं दारू सोडली त्याला एकवीस दिवस झाले, आणि मी त्याचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. चुकलंच माझं, मान्य आहे. पण ते दुसऱ्या कुणी तोंडावर म्हटलं की मला अजून राग येतो, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

मी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होते. पोरानं काही चांगलं केलं की त्याला लगेच सगळ्यांसमोर उभं करायचं आणि टाळ्या वाजवायला लावायच्या, ही माझी पद्धत. खडू चोरणाऱ्या एका पठ्ठ्यानं सलग दोन दिवस खडू चोरला नाही, तर त्याचा मी प्रार्थनेच्या वेळी गुलाबाचं फूल देऊन सत्कार केला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं डस्टर नेलं, तो भाग वेगळा.

भावाचं फ्लेक्सचं दुकान आहे. आमच्या सोलापुरात फ्लेक्सवाल्याला मरण नाही. वाढदिवस, निवड, नवीन ट्रॅक्टर, पोरगं दहावीत काठावर पास झालं तरी चौकात फ्लेक्स. एका बोकडाच्या वाढदिवसाचा फ्लेक्ससुद्धा ह्यानं केलाय. बोकडाला गॉगल, गळ्यात सोन्याची साखळी आणि खाली अकरा शुभेच्छुक. लांबून बघताना उत्सवमूर्ती कोण आणि शुभेच्छुक कोण, हे मला पटकन कळलं नव्हतं. कुणाचं पोट आत घे, कुणाला गोरं कर, कुणाच्या टकलावर केस लाव, असल्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

तो प्यायचा. रोज. भावजय कंटाळून मुलीला घेऊन अकलूजला माहेरी गेली, तिथंच शाळेत नोकरीला लागली, आणि चार वर्षांपूर्वी हा जुळे सोलापूर भागात माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आला. मी विधवा, माझा मुलगा पुण्यात. मला तेवढीच सोबत झाली. दुकान बंद करून हा रोज पिऊन यायचा. पण शिव्या नाहीत, भांडण नाही, आदळआपट नाही. प्यायला की तो फक्त माफी मागायचा. चप्पल काढली की चपलेची. गेटला धक्का लागला की गेटची, "चुकलं माजं, दादा." एकदा पार्किंगमधल्या पाण्याच्या टाकीला हात जोडून वीस मिनिटं उभा होता. "मी कुनाच्याच उपयोगाचा न्हाय. तू बग, सगळ्यांना पानी देतीस." गॅलऱ्यांमधून सगळी सोसायटी बघत होती.

ही टाकीची गोष्ट मी भिशीत नक्कल करून सांगितली होती. बायका अशा हसल्या की एकीच्या नाकात चिवडा गेला. मीही हसले. हा माणूस एवढ्या माफ्या कशाबद्दल मागतोय, हे विचारायचं एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही.

मग एक दिवस पोटात असं दुखलं की त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला औषधाखाली ठेवून दारू सोडवली. घरच्या घरी एकदम बंद करायची नसते, अंगावर येतं, असं ते म्हणाले. घरी सोडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघा, दारू आणि मनाची उदासी ही जोडीनं राहणारी आहेत. माणूस उदास म्हणून पितो, आणि पितो म्हणून जास्त उदास होतो. एक गेली म्हणून दुसरी गेली असं समजू नका. यांना मनाच्या डॉक्टरांकडं न्या." त्यांनी चिठ्ठीही दिली. मी 'दारू गेली' एवढंच ऐकलं. चिठ्ठी घडी करून देवघराच्या कप्प्यात ठेवली आणि देवापुढं पेढे ठेवले.

त्यानंतरचे एकवीस दिवस मी अशी काही शिस्त लावली की विचारू नका. सकाळी कारल्याचा रस. दुपारी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दही वेगळं. संध्याकाळी बरोबर सात वाजता तोंडाचा वास. "आ कर. मोठा श्वास सोड." तो निमूट आ करायचा. मी नाक जवळ नेऊन वास घ्यायची आणि कॅलेंडरवर लाल पेनानं बरोबरची खूण करायची. वरच्या मजल्यावरच्या चाचींनी एकदा दारातून हे बघितलं, आणि आमच्याकडं दातांचा डॉक्टर येतो असं समजून आपली दाढ दाखवायला खाली आल्या.

भाऊ कसा, अगदी गुणी बाळ. बोलायचा नाही. दुकानात उशिरा जायचा, लवकर यायचा, नाहीतर जायचाच नाही. बंद टीव्हीकडं बघत बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा, आणि झोपला की उठायचाच नाही. चपलेची माफी मागणंही थांबलं. मला आनंदाचं भरतं आलं. सगळी शाळा डोक्यावर घेणाऱ्या पोरांत गप्प बसणारं एखादं पोर म्हणजे मास्तरणीला देवच. म्हटलं, सुधारला हो माझा भाऊ. आता सत्कार!

सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त कंडक्टर, मूळ सांगोल्याकडचे. माणूस सोन्यासारखा, पण सत्काराचं भयंकर वेड. त्यांच्या कपाटात टॉवेल, टोपी आणि नारळ कायम तयार. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हा त्यांनी लिफ्टला हार घातला होता आणि तो दारात अडकून लिफ्ट परत बंद पडली. मी सत्काराचं नाव काढताच ते उभेच राहिले. "बाई, रविवारी पाच वाजता. पार्किंगमधी. खुर्च्या मी बगतो. फ्लेक्स पायजेलच. 'दारू सोडल्याबद्दल जाहीर सत्कार.' खाली शुभेच्छुक म्हणून समद्या सोसायटीचे फोटो."

प्रश्न भावाच्या फोटोचा होता. ज्यानं अर्ध्या सोलापूरचे फोटो गोरे केले त्याचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. मग शुक्रवारी दुपारी तो घरी झोपलेला असताना मी दुकानाची किल्ली घेतली, अध्यक्षांनी पेन ड्राइव्ह घेतला, आणि आम्ही दोघं चोरासारखे त्याच्या दुकानात शिरलो. दुसऱ्या दुकानातून गुपचूप फ्लेक्स छापून आणायचा आणि त्याला चकित करायचं, असा बेत होता.

अध्यक्षांना कॉम्प्युटर येतो, म्हणजे माउस हलवता येतो. वाढदिवस, निवड, उद्घाटन असे कप्पे उघडत उघडत ते 'घरचे' नावाच्या कप्प्यापाशी आले. त्यात दोन फ्लेक्स होते. एक माझ्या सेवानिवृत्तीचा. दुसरा उघडला आणि पडदाभर भावाचा चेहरा आला. इतका सुरेख फोटो मी कधी बघितला नव्हता. पांढरा शर्ट, किंचित हसू. भोवती झेंडूची कमान, दोन्ही बाजूंना समया.

वर लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

अध्यक्षांनी चष्मा पुसला, परत लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाई, फोटो झकास हाय की. फुलं बी हायत. वरचा तेवढा मजकूर बदलू."

"अहो, गप्प बसा!"

"आन् समया ऱ्हाऊ द्या. सत्काराला बी चालत्यात."

मी खालचं वाचत होते. जन्मतारीख घातलेली. पुढच्या तारखेची जागा मोकळी. त्याच्याखाली 'शोकाकुल', आणि शोकाकुलपुढं एकच नाव. माझं. बोकडाला अकरा शुभेच्छुक आणि माझ्या भावाला शोकाकुल एक. अध्यक्षही ते वाचत असावेत, कारण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "सोसायटीचं नाव घातलं न्हाय त्यानं. आमी काय मेलो होतो का?" आणि बघते तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. मग मात्र त्यांनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली, दुकान बंद केलं आणि त्यांच्या स्कूटरवरून मला घरी आणलं. शेवटच्या सिग्नलला, "लवकर, बाई, लवकर," असं मलाच म्हणाले. स्कूटर ते चालवत होते.

भाऊ भिंतीकडं तोंड करून पडला होता. खरं तर अशा वेळी हळुवार बोलायला पाहिजे. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "ऊठ! काय करून ठेवलंयस दुकानात?"

तो उठून बसला. त्याला लगेच कळलं. नाही म्हणाला नाही, लाजलाही नाही. "नुसतं करून ठेवलंय, अक्का. ऐनवेळी तुझी धावपळ नको. दुसरीकडं गेलीस तर फोटो ताणून बसवतात. तोंड रुंद येतं."

मला हसू आलं. देवाशप्पथ, हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. मी त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "फक्त माझं नाव? पोरीचं का नाही घातलंस?"

"तिला लाज वाटंल."

"आणि मला काय अभिमान वाटणार होता का रे, मेल्या?" मेल्या म्हणून गेले आणि जीभ चावली. मग खाली बसले आणि जे विचारायची भीती वाटत होती तेच विचारलं. "तुला मरावंसं वाटतं का?"

तो चादरीचा धागा ओढायला लागला. "कधी कधी वाटतं," तो म्हणाला. "आज न्हाय. पण वाटतं. पीत होतो तवा संध्याकाळी दोन तास बरं जायचं. सकाळी उठलं की दुप्पट खाली. मग परत संध्याकाळची वाट बघायची. आता दारू न्हाय, तर सकाळ-संध्याकाळ सारखंच. तू खुणा करतीस, तुला बरं वाटतंय, म्हणून मी बोललो न्हाय."

"मला वाटलं, दारू सुटली की सुटलं सगळं."

"मलाबी तसंच वाटलं होतं, अक्का. म्हणून तर सोडली."

मला स्वतःचा असा संताप आला! एकवीस दिवस मी त्याच्या तोंडाचा वास घेतला, आणि त्या तोंडातून एक शब्द काढला नाही. उठले, देवघराच्या कप्प्यातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. "चप्पल घाल. आत्ता जायचं." तो चप्पल घालायला लागला तर अध्यक्ष दारातच उभे, हातात पिशवी. "मी बी येतो. गाडी मी चालवतो, शेजारची शीट तुमाला." त्यांनी त्यांच्या जावयाची मोटार मागून आणली होती. कंडक्टरांनी जन्मभर घंटी वाजवली, मोटार कधी चालवली नाही, हे आम्हाला पहिल्याच वळणावर कळलं. एक रिक्षा, दोन म्हशी आणि एक उसाच्या रसाचा गाडा केवळ नशिबानं वाचले. भाऊ मागच्या सीटवर दोन्ही हातांनी दारावरची दांडी धरून बसला होता. मरावंसं वाटणारा माणूस दांडी एवढी घट्ट धरत नाही, असं माझ्या मनात आलं, आणि तेवढ्यानंच मला धीर आला.

मनाच्या डॉक्टरांकडं गर्दी. बाकावर बसलो. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये तोंड खुपसून. अध्यक्षांना ती शांतता सहन होईना. थोडा वेळ चुळबुळ केली, मग उभे राहिले, घसा साफ केला आणि पिशवीतून टॉवेल, टोपी, नारळ बाहेर काढला.

"मंडळी, जरा लक्ष द्या. हे आमचे बंधू. आज हितं स्वताच्या पायानं आलेत. त्याबद्दल त्यांचा हितंच सत्कार करतो. रविवारची वाट बघन्यात अर्थ न्हाय." भावाच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. मला भुई दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण कोपऱ्यातल्या एका बुरखेवाल्या मावशींनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्याशेजारच्या कॉलेजच्या मुलीनं, मग सगळ्यांनी. एक आजोबा उठून अध्यक्षांपाशी आले आणि हळूच विचारलं, "अजून एक टोपी हाय का हो? मी बी पयल्यांदाच आलोय." अध्यक्षांकडं होती.

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील. माझ्याकडं बघून थबकल्या आणि वाकून नमस्कार केला. "बाई, ओळखलंत? चौथीत तुमच्या वर्गात होते. रोज वर्गाबाहेर उभी असायची ती." ओळखलं की! अशी बडबडी पोरगी आख्ख्या नोकरीत दुसरी भेटली नाही.

आत गेलो. ती भावाला विचारायची आणि उत्तर मी द्यायची. झोप कशी लागते? "भरपूर लागते." भूक? "चांगली आहे, मी करते ना." एकटं वाटतं का? "छे, मी असते की घरी." तिनं पेन खाली ठेवलं आणि अतिशय गोड हसली. "बाई, तुम्ही जरा बाहेर उभ्या राहता?"

काय सांगू! मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई विद्यार्थिनीनं वर्गाबाहेर काढली. दार लोटताना तिचा पुढचा शब्द कानावर पडला, "आता बोला, दादा. घाई नाही." आणि माझा भाऊ बोलायला लागला. काय ते ऐकू येत नव्हतं, पण आवाज येत होता. पाऊण तास येत होता. एवढं तो माझ्याशी चार वर्षांत मिळून बोलला नव्हता. मी दाराबाहेर उभी राहून रडले, आणि अध्यक्ष दुसऱ्या टॉवेलनं माझे डोळे पुसायला निघाले तो मी हिसकावून घेतला.

नंतर तिनं मला आत बोलावून समजावलं. गोळ्या सुरू केल्यात, त्यांचा गुण यायला काही आठवडे जातील, मध्येच बंद करायच्या नाहीत. काही दिवस त्याला एकटं सोडायचं नाही. दारू परत हवीशी वाटली तर लपवायचं नाही, सांगायचं. आणि तोंडाचा वास बंद. "त्याऐवजी रोज संध्याकाळी एवढंच विचारा, आज दहापैकी किती बरं वाटलं? आकडा सांगतील. तुम्ही काही म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं."

"नुसतं ऐकायचं?"

"बडबड करायची म्हणून तुम्ही मला बाहेर काढायचात ना बाई, त्याचं मला काही वाटत नाही. माझ्याशेजारी एक मुलगी बसायची. वर्षभर एक शब्द बोलली नाही. तिला तुम्ही शहाणी म्हणायचात." मला त्या मुलीचा चेहरा आठवेना. अजून आठवत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

रविवारचा सत्कार रद्द झाला. खुर्च्या आल्याच होत्या म्हणून अध्यक्षांनी खुर्च्यावाल्याचा सत्कार केला.

दहापैकी आकडा ऐकून गप्प बसणं हे मी केलेलं सगळ्यात अवघड काम. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "दोन." दोन! माझ्या वर्गातलं पोर दोन म्हणालं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं. ओठ दाताखाली धरले आणि ऐकलं. दुसऱ्या दिवशी दोन. मग तीन. तीनेक आठवड्यांनी तो दुकानात जायला लागला, आणि परत एक. त्या दिवशी प्यावंसं वाटलं होतं आणि तो दुकानातून उठून थेट अध्यक्षांकडं जाऊन बसला होता. त्यांनी त्याला तीन तास सांगोल्याच्या डाळिंबावरच्या रोगांची माहिती दिली. "अक्का, दारू परवडली," तो म्हणाला. मी हसले नाही, ऐकायचं होतं ना. मग तोच हसला, तेव्हा हसले.

असा दीडेक महिना गेला. एका संध्याकाळी मी भाकरी थापता थापता विचारलं, "आज किती?"

"साडेचार," तो म्हणाला. आणि मग, मी काही म्हणायच्या आधी, "आन् तुझं किती, अक्का?"

मी दहा म्हणायला तोंड उघडलं. मला जन्मात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नवरा गेला तेव्हाही 'बाई खंबीर आहेत' असंच सगळे म्हणाले, आणि मी खंबीर राहिले, दुसरं काय करणार. हात पिठात तसेच राहिले. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"तीन," मी म्हणाले.

त्यानं गॅस बंद केला, मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि समोरची खुर्ची ओढून घेतली.

"बोल," तो म्हणाला. "मी हाय की हितं."